ओसाड काठ

बोटीचा भोंगा वाजला आणि सासूबाईंचा तळहात बाळाच्या तोंडावर गेला.

"आई, हात काढा!" इलुंबेनं वही टाकली आणि झडप घालून एकोफोला उचललं. पाच महिन्यांचा एकोफो गंमत झाल्यासारखा हसला. तिनं मात्र त्याच्या छातीला कान लावला, ओठांचा रंग पाहिला, श्वास मोजले.

"तुझ्या नवऱ्याच्या तोंडावरही हाच हात असायचा," सासूबाई उखळात कसाव्याचा पाला टाकत म्हणाल्या. "गुदमरला का तो?"

"गुदमरले नाहीत, पण बोलतात तरी कुठे?"

"मग माझे उपकार मान. गप्प नवरा मिळाला."

इलुंबेला हसू आलं, पण धास्ती गेली नाही. नदीकाठच्या म्बांडाका गावाच्या धक्क्याला दिवसातून तीन-चार बोटी लागत, आणि दर भोंग्याला हेच. आज दहाला कॉलेजात तिची शेवटची तोंडी परीक्षा होती. ती दिली की मुलींच्या शाळेत नोकरी. नवरा लाकडाच्या तराफ्यावर कामाला, नदीत कुठेतरी. बाळाला ठेवायचं तर इथेच. आणि ते तिच्याच्यानं होत नव्हतं.

"मी नाही जात परीक्षेला," ती म्हणाली.

"का गं? अभ्यास झाला नाही?"

"झालाय." तुमच्याकडे बाळ ठेवायची भीती वाटते, हे तिला म्हणवेना. तिनं उगीच वही उघडली. "एका गोऱ्या लेखकाची कादंबरी आहे. आपल्याच नदीवरची, रबराच्या काळातली. तिच्यातल्या नदीकाठाच्या वर्णनातून परक्या राजवटीनं केलेलं वाटोळं कसं दिसतं, ते विचारणार आहेत."

"मग? काय लिहिलंय त्यानं काठाबद्दल?"

इलुंबेनं फ्रेंच ओळी घरच्या भाषेत सांगितल्या. बोट तीन दिवस चालली आहे. दोन्हीकडे रान. झोपड्या उघड्या, चुलीत धूर, पण माणूस नाही. कुठे आवाज नाही. "सर म्हणतात, हा ओसाड काठ म्हणजे मेलेला देश."

मुसळ थांबलं. "कुणीच नव्हतं? हा लेखक कुठे बसला होता?"

"बोटीत."

"मग त्याला कोण दिसणार!" सासूबाईंनी हात पुसले. "रानातून आणायचं रबर कमी भरलं की गोऱ्यांचे शिपाई बोटीतून यायचे. बायकांना धरून कोंडायचे. नवऱ्यानं रबर आणलं की सोडायचे, तोवर जिवंत राहिली तर. म्हणून भोंगा ऐकला की अख्खं गाव दलदलीत. माझी आजी गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहायची, खांद्यावर माझे बाबा. एकोफोएवढे होते. एक पोर रडलं असतं तर सगळ्या सापडल्या असत्या."

इलुंबेनं वही मिटली. मग हळूच म्हणाली, "पण आता मालाची बोट येते, आई. साबण आणि बिअर घेऊन."

"मला ठाऊक आहे गं. हाताला कोण सांगणार?"

त्या जवळ आल्या आणि तोच हात त्यांनी सुनेच्या तोंडावर ठेवला. इलुंबे दचकली. मग तशीच उभी राहिली. बोटं गालाला टेकली होती, नाक मोकळं होतं, तळव्यात अर्ध्या ओंजळीसारखा खळगा होता. धुरावलेल्या माशांचा वास येत होता. तिनं श्वास घेतला. सहज आत गेला. तिनं आणखी एक घेतला.

"दाबायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "आवाज तेवढा धरून ठेवायचा. आजीनं शिकवलं मला."

इलुंबेनं डोक्याला फडकं गुंडाळलं. एकोफोला सासूबाईंच्या छातीशी बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग तिसऱ्यांदाही.

"एकपर्यंत येते. आणि भोंगा वाजला तर…"

"मला शिकवतेस?"

ती अंगण ओलांडून रस्त्याला लागली, तेव्हा मागून हाक आली. "इलुंबे! त्यानं एखादं पोर रडल्याचं लिहिलंय का गं? कुठेतरी, एकदा तरी?"

ती वळली. पुस्तक तिला पान न् पान पाठ होतं. "नाही, आई. एकदाही नाही."

सासूबाईंनी नातवाच्या टाळूवर गाल टेकला.

"मग त्या खेपेला सगळी पोरं घरी परत आली असतील."