तुळस उजव्या हाताला

गाडी आजही पहिल्याच किकला सुरू झाली, आणि शेफालीला रडू आलं.

बंद पडली असती तर बरं झालं असतं. बंद गाडीत दोष शोधता येतो. ही जुनी, मातीत पळवायची गाडी अंगणात शहाण्यासारखी चालायची आणि फाटकाबाहेर वळली की मान टाकायची. हातांनी ढकलत परत आणावी, तर पुन्हा पहिल्या किकला सुरू. प्लग बदलून झाला, कॉइल बदलून झाली. वारज्याहून, तिच्या माहेराहून, ओळखीचा मेकॅनिक खास हडपसरला येऊन गेला. त्यानेही अंगणात फेऱ्या मारून पाहिल्या आणि हात झटकले. "ताई, हिला काहीच झालेलं नाही."

बुधवारी फाटकाबाहेर वळतानाच काहीच न झालेली ती गाडी बंद पडली, आणि मागून आलेला डंपर शेफालीपासून हातभर अंतरावर थांबला. त्यानंतर रविराजने गाडी रस्त्यावर न्यायला बंदी घातली. "बंद पडणारी गाडी मी बायकोच्या हातात देणार नाही. विषय संपला." नवऱ्याचं चुकत होतं असंही नाही, हीच तर पंचाईत होती. आज दुपारी तो आमोद नावाच्या माणसाला टेम्पो घेऊन आणणार होता. आमोद जुन्या गाड्या नेऊन त्यांचे सुटे भाग विकायचा. आणि रविवारी दिवे घाटापलीकडच्या माळावर शर्यत होती. लग्नानंतरची तिची पहिली.

अंगणाच्या मधोमध तुळशीवृंदावन. सासूबाई, तुळजाबाई, पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. गाडी चालवायला त्यांची ना नव्हती. अट एकच, ती त्यांनी पहिल्या दिवशीच घातली होती आणि मेकॅनिकलाही सुनावली होती. "फिरव किती बी, पण तुळस उजव्या हाताला ऱ्हाऊ दे." शेफालीने ती मुकाट पाळली होती. सासरी आल्यावर इतक्या गोष्टी पाळाव्या लागतात, त्यात ही एक.

तिने गाडी गिअरमध्ये टाकली. एक फेरी, दुसरी फेरी. इंजिन कसं एका सुरात.

"काय झकास पळतीय," तुळजाबाई म्हणाल्या. "फाटकाशी गेली की मातुर अवसान जातं. माझ्यासारखीच हाय बग. ह्या फाटकातनं एकटी कवा गेले न्हाई मी."

त्या हसल्या. शेफालीला हसू आलं नाही. आपण घाण्याला जुंपलेला बैल झालोय, असं तिला वाटलं. बैलाला निदान डोळ्यांवर झापड असते, इथे उघड्या डोळ्यांनी फिरायचं. एकदम तिच्या डोक्यात सणक गेली. तिने गाडी थांबवली, जागच्या जागी फिरवली आणि तुळस डाव्या हाताला ठेवून दामटली.

"अगं ए! उलटी!" तुळजाबाईंच्या हातातला लसूण खाली पडला.

अर्धी फेरीही झाली नाही. गाडी खटकन बंद पडली.

"बग! म्या काय सांगत हुते!" त्यांनी घाईघाईने तुळशीला हात जोडले.

शेफाली हललीच नाही. हँडल अजून डावीकडेच होतं. तिने ते तसंच धरून किक मारली. काही नाही. हँडल उजवीकडे नेऊन मारली. सुरू. चालत्या इंजिनावर हळूच डावीकडे आणलं. बंद. फाटकाबाहेर उजवीकडे गल्ली संपते, रस्ता फक्त डावीकडे. आणि अंगणात आजवर डावीकडे कोणी वळलंच नव्हतं.

तिने टाकी सोडवून बाजूला ठेवली. हँडलवरच्या, इंजिन बंद करायच्या बटणाची वायर गाडीच्या मानेपाशी, हँडल बसतं तिथे, घासून सोलली होती. हँडल डावीकडे गेलं की तिचं उघडं तांबं सांगाड्याला टेकायचं आणि ठिणगी मरायची. एवढंच. तिने वायरला टेप गुंडाळली, वायर मानेपासून दूर बांधली आणि टाकी परत बसवली. मग डोळे पुसले, ते सगळे काळे झाले.

फाटकाशी टेम्पो येऊन थांबला. रविराज आणि आमोद उतरले.

"सापडलं," शेफाली म्हणाली. "वायर होती. आता बंद पडणार नाही."

"अगं, पण मी शब्द दिलाय याला."

"शब्द तुजा ना?" तुळजाबाई पायरीवरून म्हणाल्या. "मग गाडी बी तुजीच दे की."

आमोद टेम्पोच्या चाकाकडे बघू लागला. रविराजने टेम्पो जरा मागे घ्यायला सांगितलं.

फाटकात शेफालीने श्वास रोखला आणि हँडल पुरतं डावीकडे वळवलं. आवाज तुटला नाही. गाडी रस्त्याला लागली. आनंदाने तिला ओरडावंसं वाटलं.

कोपऱ्यावर थांबून तिने मागे पाहिलं. कंपाउंडची भिंत बुटकी होती, अंगण दिसत होतं. रविराज आमोदला टेम्पोपाशी काहीतरी समजावत होता. तुळजाबाई पदर खोचून तुळशीपाशी उभ्या होत्या. तुळस डाव्या हाताला ठेवून त्यांनी एक पाऊल टाकलं होतं. दुसरं उचलत नव्हतं.