नदीच्या दोन काठांवरच्या शाळा

"प्रयोगशाळेची किल्ली हरवली म्हणून सांगा," हेडसर शिपायाला म्हणाले. "आणि दहावीच्या वर्गातले चांगले दिवे काढून कपाटात ठेवा."

"सर, आज तपासणी आहे."

"म्हणूनच सांगतोय."

शिपाई डोकं खाजवत गेला. या माणसाला त्याने वेळप्रसंगी शाळेची फरशी पुसतानाही पाहिलं होतं.

नदीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, अशी दोन सरकारी हायस्कुलं होती. मुलं कमी झाल्यामुळे आता एकच ठेवायचं ठरलं होतं. दोन्हींची तुलना होणार, जी उणी पडेल ती बंद होणार आणि तिच्या मुख्याध्यापकाची बदली थेट त्याच्या घरच्या गावी होणार. हे शेवटचं वाक्य अलीकडच्या हेडसरांना तोंडपाठ होतं. गेली नऊ वर्षं ते बदली मागत होते आणि दरवेळी वरून एकच उत्तर येई: तुमच्यासारखा माणूस हलवला, तर शाळा सांभाळायची कुणी? चांगलं काम केल्याची ही शिक्षा! तिकडे दूरच्या शहरात बायको नोकरी, त्यांची आजारी आई आणि मुलगी असं सगळं एकटी ओढत होती. मुलगी तर फोनवर आताशा 'हो', 'नाही', 'बरं' एवढंच बोलायची.

शाळा बुडवण्याची त्यांना हौस नव्हती. मुलं पूल ओलांडून पलीकडे जातील, तिथे त्यांचं भलंच होईल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. ते खोटंही नव्हतं. पलीकडचे हेडसर कामाने झपाटलेले होते. सुट्टीतही घरी जायचे नाहीत. भिंती रंगवायचे, बागेला पाणी घालायचे आणि शाळेमागच्या खोलीतच झोपायचे. ठरलेले अधिकारी आयत्या वेळी आजारी पडले आणि त्यांच्या जागी कुणी नवीन बाई येणार, हे कळल्यावरही पलीकडच्या हेडसरांना काही घाम फुटला नसणार.

बाई दुपारी आल्या, पलीकडची शाळा बघूनच. चेहरा असा, की शिपायाने आधी सलाम केला आणि मग खुर्ची पुसली.

वर्गात त्यांनी एक साधाच प्रश्न विचारला. पहिल्या बाकावरच्या मुलीने हेडसरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला उत्तर येत होतं. गप्प बसायला हेडसरांनीच तिला बजावलं होतं. आता तिचे डोळे भरून आले.

ऑफिसात बसल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं.

"त्या मुलीला येत होतं. किल्ली हरवलीय म्हणता, पण प्रयोगशाळेच्या कुलपावर धूळ नाही. हे सगळं कशासाठी चाललंय, सर?"

तेवढ्यात शिपाई दारात आला. "चहात साखर किती घालू, मॅडम?"

"अजिबात नको. निदान तुम्ही विचारलंत तरी. पलीकडे न विचारता दोन चमचे घातली."

साखरेच्या मानाने राग जरा जास्तच होता. दिवसभर फिरून थकल्या असतील, असं हेडसरांना वाटलं. चहा येईपर्यंत त्यांचा धीर सुटला.

"मॅडम, मला घरी जायचंय," ते म्हणाले. मग सगळंच बाहेर पडलं. आई, मुलगी, दरवर्षीचे अर्ज. "आता बायकोलाही वाटायला लागलंय, की मीच मुद्दाम येत नाही. शाळेचं नुसतं निमित्त करतोय."

बाईंच्या हातातला कप तसाच राहिला. "करतात का हो माणसं असं?"

"करत असतील. मी नाही."

"आणि पलीकडचे?"

विषय आपल्यावरून हलला, याचंच हेडसरांना हायसं वाटलं. ते हसले. "त्यांचं काय विचारता! दर बैठकीत आम्हाला सांगतात, शाळा पहिली ठेवा, म्हणजे कुणी घरी पाठवत नाही. निवृत्तीपर्यंत निवांत!"

बाई हसल्या नाहीत. खिडकीतून नदीकडे बघत बसल्या. निघताना मात्र आवाज मऊ होता.

"काळजी करू नका. ज्याने घरी जायला हवं, तो घरी जाईल."

संध्याकाळी हेडसरांनी घरी फोन करून, आता लवकरच येतोय, असं सांगितलं. मुलीने विचारलं, "बाबा, माझ्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल तुम्हाला देऊ का?" कितीतरी दिवसांनी ती इतकं बोलली होती. फोन ठेवून त्यांनी ट्रंक भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी दिवे परत लावले, प्रयोगशाळा उघडली आणि त्या मुलीला बोलावून सगळ्या वर्गासमोर शाबासकी दिली.

पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या ऑफिसातून फोन आला.

"अभिनंदन, सर! तुमची शाळा राहिली. पलीकडची बंद."

हेडसरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच ऐकलं. शिपाई हातातला झाडू टाकून नाचायला लागला. हेडसर तसेच पुलाकडे निघाले.

पलीकडचे हेडसर शाळेच्या पायरीवर बसले होते. मागची भिंत अर्धी रंगवायची राहिली होती.

"काहीतरी घोटाळा झालाय," अलीकडचे हेडसर धापा टाकत म्हणाले. "अहो, आंधळ्यालाही कळेल तुमची शाळा सरस आहे ते. आपण दोघं जाऊन त्या बाईंना भेटू. मी सांगतो त्यांना."

"काही उपयोग नाही."

"का नाही?"

पलीकडच्या हेडसरांनी रंगाचा डबा झाकण लावून बाजूला सरकवला.

"सकाळी बायकोचा फोन आला होता. सामान आवरा म्हणाली. आणि त्या दिवशी चहात साखर का घातलीत, ते घरी आल्यावर सांगा म्हणाली."