खारीचा लळा

जुन्या बॅटऱ्या फोडायच्या कारखान्यातली खार मुकादमाच्या तळहातावर बसून दाणे खायची. मांजर आलं तरी जागची हलायची नाही. "माझा लळा लागलाय तिला," तो सगळ्यांना सांगायचा.

तपासणीला आलेल्या बाईंनी खारीचं रक्त तपासून घेतलं. "दादा, तुम्ही हातमोजे धुता ना, त्या टबातलं पाणी पिते ही. शिसं भिनलंय अंगात. घाबरायचं असतं, हेच विसरलीये."

मुकादमाचा हात तसाच पसरलेला राहिला. कामाचे कपडे तो रोज घरी लेकीच्या आंघोळीच्या टबात भिजत घालायचा. कालच ती भर रस्त्यात ट्रकसमोर जाऊन उभी राहिली होती. तिला उचलून आणताना तोच शेजाऱ्यांना छाती फुगवून म्हणाला होता, "आमची पोरगी कुणाच्या बापाला भीत नाही!"