कपाटाची तब्येत

टाळ्या पडत होत्या, तरी मुकादम बक्षिसाची ढाल घ्यायला हात पुढे करीना. मोठे साहेब हसतमुखाने थांबले. शेजारी तपासणी खात्याच्या बाई बसल्या होत्या. आठ वर्षं नऊ कामगारांच्या छातीवरच्या, अंगावर पडलेले किरण मोजणाऱ्या बिल्ल्यांत नोंद शून्य. असा कारखाना शोधून सापडायचा नाही, असं त्यांनी नुकतंच भाषणात सांगितलं होतं.

सापडणार कुठून? मुकादम धरून हे नऊ जण पोलादी पाइपांच्या जोडांचे किरणांनी फोटो काढत. किरणांच्या यंत्राच्या आणि त्यांच्या मध्ये धड भिंतही नव्हती. बिल्ल्यातला आकडा मर्यादेबाहेर गेला की माणूस वर्षअखेरपर्यंत घरी, तोही बिनपगारी. म्हणून मुकादमानेच शक्कल काढली होती: कामाला भिडण्याआधी बिल्ले काढून कपाटात ठेवायचे. नऊ घरांच्या चुली पेटत्या राहिल्या, याचा त्याला अभिमानही होता. पण गेल्या आठवड्यात जेवताना त्याने त्या नवांतल्याच आपल्या मेहुण्याची बोटं पाहिली. किरणांनी भाजून लाल, सोललेली. घास धरवत नव्हता. मेहुण्याने बजावलं होतं, दाजी, तोंड उघडलंत तर आपलं नातं संपलं.

मुकादमाने माइक ओढून घेतला.

"बाई, आठ वर्षं तुम्ही आमच्या कपाटाची तब्येत तपासताय," तो म्हणाला. "बिल्ले तिथेच असतात. ठेवायला मीच सांगितलं."

साहेबांनी सारवासारव केली, म्हणाले, मुकादमांना थट्टेची सवयच आहे. बाई हसल्या नाहीत. पुरावा काय, त्यांनी विचारलं.

मागच्या रांगेतून मेहुणा उठला. मुकादमाला वाटलं, हा आता दाराबाहेर जाणार, आणि आपल्या घरातूनही. मेहुणा दाराकडे गेला नाही. तो सरळ मंचावर चढला आणि बाईंच्या टेबलावर त्याने दोन्ही हात पसरले.

"आधी ही बोटं लिहून घ्या."

त्याच्यामागे बाकीचे सात जण येऊन उभे राहिले. मुकादमाला रडू आलं, आणि त्याने ते आवरलं नाही. बाईंनी तिथल्या तिथे हुकूम लिहिला: भिंत उभी राहीपर्यंत काम बंद, पगार चालू, उपचार कारखान्याच्या खर्चाने. साहेबांनी मुकाट्याने सही केली. मग बाईंनी एकेकाची नोंद घेतली.

त्या दुपारी नऊ माणसांना कागदावर पहिल्यांदा किरणं लागली, आणि नऊच्या नऊ जीव वाचले.