लाल दिव्याच्या अलीकडे

झेंडूच्या माळांचा ढीग. गायिकेचा गरम पाण्याचा थर्मास. कुणाची तरी एकच चप्पल. पॉवर अ‍ॅम्पवरचा लाल दिवा.

कार्यक्रमाआधी ऑर्केस्ट्राचा गिटारवाला विद्याधर आवाज जुळवत होता. गिटारचा आवाज आधी वाढवणाऱ्या छोट्या प्रीअ‍ॅम्पमधून कमी आवाज गेला तर पुढचा मोठा पॉवर अ‍ॅम्प झोपल्यासारखा वाटतो, जास्त गेला तर आवाज फाटतो. मधली जागा तो कायम कानानंच शोधायचा. आज गिटार काही केल्या खुलत नव्हती. त्यानं प्रीअ‍ॅम्पचं बटण आणखी फिरवलं.

"विद्यादा, बास की! पत्रा फाडल्यासारखं येतंय," कीबोर्डवाला अल्ताफ ओरडला.

"अरे, आत्ता कुठे जीव आलाय तिच्यात."

"तिच्यात आला, आमचा चाललाय!"

सगळे हसले. विद्याधरही हसला. मग त्याचं लक्ष गायिकेकडे गेलं. तिनं दोन्ही कान हातांनी दाबून धरले होते. आवाज फाटला की पेटणारा तो लाल दिवा सारखा जळत होता. आणि त्याला तर तारा स्वच्छ, गोड ऐकू येत होत्या.

दिवा विझेपर्यंत त्यानं बटण मागे घेतलं आणि पुन्हा तारा छेडल्या. बोटांखाली त्या थरथरल्या. कानापर्यंत जवळजवळ काहीच आलं नाही.

"हां, आता कसं! एकदम मापात," अल्ताफ म्हणाला.

नेहमीसारखं त्याच्या ओठांकडे बघत विद्याधरनं मान डोलावली, आणि गिटार मांडीवर घेऊन तो तसाच बसून राहिला.

सकाळी तो घरातून निघाला तेव्हा बायको डबा घेऊन जिन्यात त्याला हाका मारत उभी होती, आणि तो मागे न वळता निघून आला होता.