बिनवासाचं तेल

कढईत तेल ओतून झालं आणि मग सासूबाईंच्या अंगठ्याला कळलं, की बाटलीच्या गळ्याला दोरा नाही.

दोरा बांधलेली बाटली स्वयंपाकाच्या तेलाची. बिनदोऱ्याची सुनेच्या केसांच्या तेलाची. थंडीत खोबरेल थिजतं, म्हणून सकाळी दोन्ही बाटल्या गरम पाण्याच्या एकाच पातेल्यात उभ्या करायच्या, ही ह्या घरची पद्धत, आणि घोटाळा व्हायचा तो तिथेच. सासूबाईंना अलीकडे समोरचं नेमकं मधलंच दिसेनासं झालं होतं. दाराची चौकट दिसायची, दारातलं माणूस नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे तेवढं सांभाळा.

गेल्या महिन्यात असंच झालं होतं. सुनेचं मोगऱ्याच्या वासाचं तेल बटाट्याच्या काचऱ्यांत पडलं. पहिला घास तोंडात घातला न घातला तोच मुलगा उठला आणि बेसिनपाशी गेला. परत आला तो हातात दोरा घेऊनच. बाटलीला गाठ मारता मारता म्हणाला, "आई, आज तेल पडलं, उद्या फिनेल पडेल. आणखी एकदा असं झालं, तर गॅसला हात लावायचा नाही." रागाने म्हणाला असता तर त्यांनी त्याला दोन शब्द सुनावले असते. पण तो घाबरून म्हणाला होता.

सगळा जन्म कॅन्टीनच्या शेगडीपुढे गेलेली बाई. तिला खुर्चीत नुसतं बसवून ठेवायचं, म्हणजे जिवंतपणीच भिंतीवर टांगायचं.

आणि आज पुन्हा तेच. काचऱ्या चिरून तयार, तेल तापलेलं, मुलगा बाहेर टेबलाशी कामावर जायच्या घाईत, आणि सून दारात. ती दारात का उभी असते, हे का सासूबाईंना कळत नव्हतं! नवऱ्याने नजर ठेवायला सांगितलं होतं तिला.

त्या कढईवर वाकल्या. हुंगून पाहिलं. मोगरा नाही. खोबऱ्याचाही वास नाही. कसलाच नाही. डोळे चालले होतेच, आता नाकही गेलं की काय?

क्षणभर वाटलं, गुपचूप टाकून द्यावं आणि दुसरं ओतावं. पण ज्या हातांनी इतक्या जणांना जेवू घातलं, त्या हातांनी असली चोरी करायची? त्यांनी गॅस बंद केला आणि उलथनं दाराच्या दिशेने पुढे धरलं.

"घे बाई," त्या हळूच म्हणाल्या. "माझं संपलं. पुन्हा तुझंच तेल ओतलं मी. वासही येत नाही मला आता."

सून आत आली. उलथनं काही तिने घेतलं नाही.

"टाका काचऱ्या," ती म्हणाली.

"अगं, तुला कळतंय का मी काय..."

"टाका हो, आई. दोन्ही बाटल्यांत एकच तेल आहे. रिफाइंड खोबरेल. त्याला वासच नसतो, तर नाकाला काय येणार? खायला चालतं, केसांना चालतं, फुटलेल्या टाचांनाही चालतं. तुमचा हात कुठल्याही बाटलीवर पडो, काही बिघडत नाही."

सासूबाईंनी उलथनं ओट्यावर ठेवलं.

"मग तो दोरा कशाला?"

"तो त्यांनी बांधलाय. म्हटलं राहू दे, तेवढंच त्यांना समाधान."

"आणि मला का नाही बोललीस?"

"तुम्हाला वाटलं असतं, हिचा माझ्यावर भरवसा नाही." सून जरा घुटमळली. "तसं नव्हतं हो ते."

"तुझं मोगऱ्याचं कुठाय?"

"बहिणीला दिलं. लावते ती हौसेने."

हौस का हिला नव्हती! त्या तेलापायी पोरगी वेडी होती. बाटली तळाला गेली, की कोमट पाणी घालून, खळबळून, शेवटचा थेंबसुद्धा केसांना लावायची. सासूबाईंनी हात पुढे केला, चाचपडत तिचं डोकं जवळ ओढलं आणि भांगात नाक खुपसलं. वाफेचा वास आला, कालच्या फोडणीचा आला, मोगऱ्याचा मागमूस नव्हता. त्यांना भडभडून आलं.

"खुळी कुठली," त्या म्हणाल्या. "अगदी खुळी आहेस."

"असू दे."

"ह्याला माहीत आहे?"

"त्यांना?" सून तोंडावर हात ठेवून हसली. "रोज सकाळी तेच डोक्याला चोपडून जातात. अजून पत्ता नाही."

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "काय चाललंय काय आत? उशीर होतोय मला."

"आई करतायत," सुनेने ओरडून सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघा, तेलाचं मी बघितलं. मीठ आणि साखर मात्र मला एक करता येत नाही. त्याचं तुमचं तुम्ही बघा."

एवढं बोलून ती निघून गेली. दारात थांबली नाही. बाहेर टेबलाशी खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि ती नवऱ्याच्या शेजारी बसली.

सासूबाईंनी बाहीला डोळे पुसले. गॅस पेटवला, जाळ लागल्याची फुरफुर ऐकली आणि बारीक केला. डब्यातली चिमूट जिभेवर ठेवली. मीठच होतं. काचऱ्या पडल्या, चर्र झालं, आणि स्वयंपाकघरातून कित्येक दिवसांनी कॅन्टीनमधला तो खडा आवाज आला.

"ताटल्या मांडून बसा रे! आणते मी!"