शिंप्याच्या मागे वाघ

महिनाभर रोज एक वाघ शिंप्याच्या स्वप्नात येत होता आणि शिंपी जीव मुठीत धरून पळत होता. पळण्याच्या भरात लाथा मात्र बायकोला बसायच्या. शेवटी तिने बजावलं, "अहो, आणखी एक लाथ बसली ना, की मी चालले बहिणीकडे. मग तुम्ही आणि तुमचा वाघ सुखाने संसार करा."

शिंप्याने घाबरून आत्याला गाठलं. स्वप्नांचे अर्थ लावण्यात आत्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. "साप म्हणजे शेजारी, लांडगा म्हणजे मेव्हणा," ती भाजी निवडत म्हणाली, "आणि वाघ म्हणजे टाळलेलं काम. पळतोस कशाला, गाढवा? थांब आणि काय हवंय ते विचार. त्याचं काम झालं की तो पुन्हा फिरकायचा नाही."

त्या रात्री बायको भरलेली बॅग उशाशी घेऊनच झोपली. सकाळी एकही लाथ न खाता जाग आली, तेव्हा तिलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

"विचारलंत का हो त्याला?"

"विचारलं की. चांगला समोर उभा राहून विचारलं."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, माझा कोट शिवून झाला का?"

"अगंबाई! आणि तुम्ही काय म्हणालात?"

शिंप्याने मान खाली घातली. "वीस वर्षांची सवय गं. म्हटलं, उद्या या."